कॉलेजातला ऑनलाइन छळ: दोष निनावी पानांचा की वर्गाच्या ग्रुपचा?

धागा: प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर
कॉलेजच्या नावानं सोशल मीडियावर चालणारी निनावी ‘कन्फेशन’ पानं, जिथं नाव न देता कुणाबद्दलही लिहिता येतं, ती बंद करा, बराच त्रास संपेल. तोंड झाकलं की जीभ सैल सुटते. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, त्यामुळे लिहिणारा थांबतही नाही.

समुपदेशक, नांदेड
सर, पटत नाही. पोस्टमधला तपशील बघा: मुलगी कुठल्या बाकावर बसते, कुठल्या तालुक्याची, कुठल्या एसटीनं येते. एवढं वर्गातल्यालाच माहीत असतं. वर्गाचे ग्रुप दोन असतात, एकात शिक्षक आणि दुसऱ्यात नाहीत. छळ दुसऱ्यात शिजतो. प्रवेश यादीत नावापुढं प्रवर्ग छापलेला असतो; तिचाच स्क्रीनशॉट फिरवून पोराला ‘कोट्यातला’ म्हणून हिणवतात. मग हिंगोली-परभणीकडच्या बोलीची नक्कल, मग फोटोचं स्टिकर. दोघं-चौघं हसतात, बाकीचा वर्ग बघून गप्प. त्या गप्प बसण्यानंच करणारा चेकाळतो. आधी स्वतः सोसलेली मुलंही पुढं यात ओढली जातात, हे तर फारच वाईट.

प्राध्यापक
गप्प बसणाऱ्यांचं मान्य. पण ग्रुपात निदान नंबर दिसतो. निनावी पानाविरुद्ध तक्रार करायची कुणावर?

वकील, लातूर
अनोळखी खात्याविरुद्धही तक्रार होते. तपासात पोलीस कंपनीकडून लॉग-इनची माहिती मागवतात. घोळ पुराव्यात होतो. मुलं घाबरून आधी चॅट पुसतात, ब्लॉक करतात. आधी प्रोफाइलची पूर्ण लिंक जपा, कारण दिसणारं नाव कधीही बदलतं. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सअॅपवर ‘एक्सपोर्ट चॅट’ करा, मग रिपोर्ट, ब्लॉक शेवटी. फोन फॉरमॅट करू नका. कोर्टात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ अजिबात लिहू नका, ते सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच रद्द केलंय. मुलीचा ऑनलाइन पाठलाग असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78.

समुपदेशक
सगळं बरोबर, पण पोलिसात जायचं तर घरी कळणार आणि मुलीचं शिक्षणच थांबणार, ही भीती खरी आहे. छळणाऱ्याला ती पक्की ठाऊक असते. सीनियरचा त्रास असेल तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, 1800-180-5522. नाव गुप्त ठेवतात. सोसणाऱ्यालाही नाव झाकावं लागतं, सर. म्हणून सरसकट निनावी बंदीला माझा विरोध.

प्राध्यापक
तक्रार गुप्त राहावी, शंभर टक्के. पानांबद्दल मात्र मत बदललेलं नाही. आणि प्रवेश झाल्यावर ती यादी सूचनाफलकावर प्रवर्गासकट कशाला ठेवायची, हे मी प्राचार्यांना विचारणार आहे.