गोदाघाटाचा १८० अंशांचा पॅनोरमा: पुढचं रेलिंग तुटतंय

गोदाकाठ
रामकुंडाजवळ पश्चिम काठावरून समोरची पंचवटीची बाजू १८० अंशांत घ्यायची आहे. क्लबच्या प्रदर्शनासाठी ५ फूट रुंद प्रिंट हवी. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, १८-५५ मिमी किट लेन्स, ट्रायपॉडवर साधा बॉल हेड (गोळ्यावर फिरणारं डोकं). फ्रेम्स हगिन या पॅनोरमाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतो. मागची देवळं नीट जुळतात, पण दीड मीटरवरचं लोखंडी रेलिंग जोडावर तुटतं. क्षितिज लाटेसारखं येतं, आकाशात गडद पट्टेही दिसतात. नोडल स्लाइड (कॅमेरा ट्रायपॉडवर पुढेमागे सरकवणारी पट्टी) घ्यावीच लागेल का?

रुंदपडदा
रेलिंग फ्रेममध्ये हवं असेल तर हो. लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) जिथे दिसतं, त्या बिंदूभोवती कॅमेरा फिरायला हवा. तुमचा फिरतोय ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती. दोन्हींत ८ सेंमी अंतर धरलं तर २५ अंश फिरवताना लेन्स सुमारे साडेतीन सेंमी सरकते. लेन्सचा झूम २४ मिमीवर असेल तर दीड मीटरवरच्या वस्तूसाठी ही चूक जवळजवळ १४० पिक्सेलची होते, १०० मीटरवरच्या देवळासाठी जेमतेम दोनची. म्हणूनच देवळं जुळतात. पांडवलेणीच्या डोंगरावरून शहर घ्यायचं असेल तर स्लाइडची गरजच नाही.

बॉल हेडच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडून उभी फ्रेम घेऊ नका, लेन्स फिरण्याच्या अक्षापासून बाजूलाही जाते. कॅमेरा उभा बसवणारी एल-ब्रॅकेट लावा.

बिंदू शोधायला एक काठी मीटरभर अंतरावर उभी करा आणि मागच्या विजेच्या खांबाशी एका रेषेत आणा. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर काठी खांबाच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा फार पुढे आहे, मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे. सरकणं थांबलं की स्लाइडवर खूण करा. झूम बदलला की खूणही बदलते, म्हणून झूम रिंगला २४ वर चिकटपट्टी लावून टाका.

त्रिरश्मी
लाट येते ती फिरण्याचा अक्ष तिरका असल्यामुळे. कॅमेऱ्यातली लेव्हल बरोबर दाखवते, पण बॉल हेडची फिरणारी चकती बॉलच्या खाली असते. ती सपाट हवी. ट्रायपॉडचे पायच लेव्हल करा. उरलेल्या तिरकेपणासाठी हगिनमध्ये देवळांच्या उभ्या कडांवर ‘उभी रेषा’ प्रकारचे कंट्रोल पॉइंट (जुळणीसाठीचे खुणेचे बिंदू) द्या. पाण्यावरचे पॉइंट मात्र काढून टाका, प्रतिबिंब हलतं आणि सगळी जुळणी बिघडते.

२४ मिमीला उभ्या फ्रेमची रुंदी ३६ अंश येते. ३० टक्के ओव्हरलॅप ठेवून २५-२५ अंशांनी ७ फ्रेम्स घ्या. रुंदी १९ हजार पिक्सेलच्या वर जाते. ५ फुटांना ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८ हजार लागतात, म्हणजे पुरते.

पट्ट्यांसाठी आधी पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर काढा. सूर्यापासूनचा कोन बदलला की त्याचा परिणाम बदलतो, हे सॉफ्टवेअरला सावरता येत नाही. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअल. एफ/११ अ‍ॅपर्चरला सुमारे पावणेतीन मीटरवर फोकस केला तर रेलिंगपासून कळसापर्यंत सगळं स्पष्ट येतं. वेळ दुपारी चारनंतरची: ऊन पाठीमागून पडतं आणि नारोशंकराच्या देवळाचा दगड उजळतो. सकाळी सूर्य थेट लेन्समध्ये येतो.

गोदाकाठ
गर्दीचं काय? जोडावर अर्धी माणसं येतात. क्लबमध्ये हेच १६:९ प्रोजेक्टरवरही दाखवायचं आहे.

रुंदपडदा
प्रत्येक जागी तीन-चार फ्रेम्स घ्या आणि ज्यात जोडाजवळ कोणी नाही ती निवडा. तरीही कोणी आलंच तर हगिनच्या मास्क टॅबमध्ये एका फ्रेममधला माणूस ‘ठेवा’ करा, शेजारच्या फ्रेममधून तो आपोआप वगळला जातो. मास्कची कड माणसाला चिकटून आखू नका, थोडी जागा सोडा.

हगिनमधलं प्रोजेक्शन (गोल दृश्य सपाट चित्रावर पसरवण्याची पद्धत) सिलिंड्रिकल ठेवा. जवळच्या घाटाच्या पायऱ्या त्यात कमानीसारख्या वाकतात, तो या प्रोजेक्शनचा गुणधर्मच आहे. खटकत असेल तर १४० अंशांपर्यंत कापून पानिनी हे दुसरं प्रोजेक्शन वापरून पाहा. मला स्वतःला घाटासाठी पानिनीच आवडतं.

पडद्यावर पूर्ण रुंदी एकदम दाखवू नका. १९२० पिक्सेल रुंदीत चित्राची उंची सहाशेच्या आसपास उरते आणि कळस दिसेनासे होतात. उंची १०८० ठेवली तर रुंदी ३६०० च्या आसपास येते; व्हिडिओ करून डावीकडून उजवीकडे सावकाश पॅन करा, म्हणजे चित्र सरकवत दाखवा. एखादी वस्तू पडदा ओलांडायला ७ सेकंदांहून कमी वेळ घेत असेल तर सेकंदाला २४-२५ फ्रेम्सच्या व्हिडिओत चित्र थरथरतं. इथे १० सेकंद द्या, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन सेकंद स्थिर ठेवा.