विषय: आई-बाबांना मालदीवला नेतोय, जेवणाचं कसं करावं?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. दोघांना पाच दिवस मालदीवला न्यायचं ठरलंय. इंदूरहून मुंबई, तिथून माले, पुढे सी-प्लेननं बेटावर. खोली पसंत पडली, पण जेवणापाशी गाडी अडलीय. आई अंडंसुद्धा खात नाही. बाबांना मासे प्रिय, पण शुगर आहे. नाश्ता आणि रात्रीचं जेवण असलेलं पॅकेज स्वस्त दिसतंय. घेऊ का?
(लोकमान्य नगर)

---

भाऊ, ते घेऊ नकोस.

गेल्या डिसेंबरात सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा आम्ही हेच, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण असलेलं हाफ बोर्ड घेतलं होतं. तिकडे एका बेटावर एकच रिसॉर्ट. पोटात कावळे ओरडायला लागले की आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानला जाऊन काही खाऊन येऊ, असं नाही. पहिल्या दुपारी दोन सँडविच आणि एक सूप मागवलं. मेन्यूत दरापुढे दोन अधिकच्या खुणा होत्या, त्यांचा अर्थ बिल आल्यावर कळला: 10 टक्के सेवाशुल्क, वर 17 टक्के कर. 100 डॉलरचं जेवण सव्वाशेच्या पुढे जातं. सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून नीट वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी "मला भूक नाही गं" म्हणायला लागल्या. हौसेनं नेलेलं माणूस उपाशी बसलं, हे मला अजून लागतं. म्हणून म्हणते, फुल बोर्ड घे, म्हणजे दुपारचं जेवणही त्यात येतं. तुमच्याकडे कुणी दारू पीत नसेल तर पेयांसकट सगळं धरलेल्या ऑल इन्क्लुझिव्हची गरज नाही, फक्त पिण्याचं पाणी आणि चहा पॅकेजमध्ये धरलाय का ते लेखी विचार.

महाग का, तेही समजून घे. जमीन सगळी पोवळ्याची वाळू, शेती नावापुरती. मासळी आणि नारळ सोडले तर जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कांदा, बटाटा, तांदूळ, कणीक तर आपल्याकडूनही जाते, 1981 च्या व्यापार करारानुसार. त्यामुळे तिथे जाऊन पनीर मखनी मागण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. तिथलं खरं अन्न वेगळं आहे आणि ते उत्तम आहे.

सकाळी मास हुनी माग. शिजवलेला ट्यूना, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं कालवलेलं, सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पातळ पोळीच. बाबांना दुपारी गरुधिया: ट्यूनाचं नितळ सार, त्यात लिंबू पिळायचं, बाजूला कांदा-मिरची. भात थोडा घेतला की झालं. ट्यूना ते लोक जाळ्यानं नाही, काठीला गळ लावून एकेक धरतात.

आईंसाठी मात्र नुसतं 'शाकाहारी' लिहून भागणार नाही. सुकवलेल्या ट्यूनाचा चुरा तिकडे भाजीत, चटणीतही पडतो. मासळी, तिचा चुरा, तिचं सार, अंडं, काहीच चालणार नाही, असं निघायच्या दोन आठवडे आधी स्वयंपाकघराला कळव. आम्ही तिसऱ्या दिवशी सांगितलं. आचारी केरळचा निघाला. त्यानं मास हुनीतली मासळी काढून बारीक चिरलेला कोबी घातला आणि स्वतः ताट घेऊन आला. सासूबाईंनी दोनदा घेतलं.
(स्नेहलतागंज)

---

ताईंनी सगळं सांगितलंय, मी एक भर घालतो. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. दुपार कलल्यावर मालेत उतरलात तर ती रात्र तिथेच जाईल आणि बेटावरचं ठरलेलं पहिलं जेवण बुडेल. म्हणून सकाळी पोचणारं विमान बघा. नाहीच जमलं तर हुलहुमालेला रहा, ते विमानतळाला रस्त्यानं जोडलेलं आहे. संध्याकाळी तिथल्या साध्या हॉटेलांत हेधिका मिळतात, म्हणजे चहाबरोबरचे तळणीचे पदार्थ. बहुतेकांत मासळी असते, वहिनींना द्यायच्या आधी विचारा.
(रामबाग)

---

ताई, काका, मनापासून आभार. फुल बोर्ड केलं, विमानही सकाळी पोचणारं मिळालं. स्वयंपाकघराला पत्र काल रात्री आईला शेजारी बसवून लिहिलं. तिनं शेवटी एक ओळ घालायला लावली: रात्री मऊ भात आणि साधं वरण मिळेल का? आज उत्तर आलं, मिळेल.
(लोकमान्य नगर)