ऐन पस्तिशीत परतलेले आपले फौजी : जवळून पाहिलेले लिहावे

14 जानेवारी हा देशभर माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो, कारण पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा 1953 साली याच दिवशी सेवानिवृत्त झाले. आपल्या सोलापुरात त्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गडबड असते आणि हा दिवस फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय माजी सैनिक म्हटले की पांढऱ्या मिशांचे, छातीवर पदके लावलेले आजोबाच आपल्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान, पेन्शनसाठी लागणारी किमान 15 वर्षांची सेवा पुरी करून, अनेकदा पस्तिशीच्या आसपासच घरी येतो. त्याचे वर्गमित्र नोकरीत स्थिरावलेले असतात आणि त्याला मात्र नव्याने अर्ज लिहायला बसावे लागते. अशा तरुण माजी सैनिकांविषयी आपण जे पाहिले, अनुभवले, ते येथे सविस्तर लिहावे. कोणाचे नाव किंवा पलटण उघड होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

एक शिक्षिका, बार्शी तालुका

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या काही वर्षांपासून पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. 1600 मीटर धावण्याचा सराव तर सगळीकडेच घेतात. पण हा धावणे संपल्यावर प्रत्येकाला बूट काढायला लावतो, बोटांच्या बेचक्या तपासतो आणि ओले मोजे बदलल्याशिवाय कोणाला शेंगदाणे-गूळ खाऊ देत नाही. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई, बर्फात पाय आधी जातात आणि ते माणसाला उशिरा कळतं." सियाचीनबद्दल त्याने मला एवढे एकच वाक्य सांगितले आहे. तो फी घेत नाही. ज्यांची निवड होत नाही त्यांच्या घरी तो स्वतः जातो आणि वडिलांशी बोलतो, ही गोष्ट मला त्याच्या शिकवण्याहून मोठी वाटते, कारण नापास होऊन आलेल्या मुलाच्या घरी सहसा कोणी जात नाही.

एका माजी हवालदाराची पत्नी, जुळे सोलापूर

यजमान फील्ड पोस्टिंगवर असताना सासूबाईंचे ऑपरेशन, मुलाची शाळा, घराचे बांधकाम हे सारे मी एकटीने पाहिले, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. त्यामुळे हे कायमचे घरी आले तेव्हा आनंदाबरोबरच एक अवघडलेपणही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिले काही महिने हे बाजारात निघतानाही मला विचारत आणि परतण्याची वेळ सांगून जात; पाच मिनिटे उशीर झाला तरी फोन येई. रात्री फाटक वाजले की आधी हे उठलेले असत. या काळात भेटणारे लोक दोनच गोष्टी बोलत : "आता पुढे काय?" आणि "पेन्शन आहे की, मग नोकरी कशाला?" हे कधी उलट बोलले नाहीत, परंतु त्या दिवशी जेवण कमी जात असे. दोन मुलांची शिक्षणे अजून व्हायची आहेत आणि शरीरात धमक आहे, अशा माणसाला घरी बसायला सांगणे हा त्याचा सन्मान नव्हे.

एक माहिती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षांची सेवा असलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधील, पदवी आवश्यक असलेल्या परंतु तांत्रिक नसलेल्या पदांसाठी पात्र मानले जाते, आणि वयातून सेवेची वर्षे वजा होऊन वर तीन वर्षांची सवलत मिळते. आम्हांला हे पलटणीतल्या एका वरिष्ठांनी सांगितले. त्याच बळावर यांनी परीक्षा दिली आणि आज हे नोकरीत आहेत.

एक कारखानदार, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माजी सैनिक म्हणजे फाटकावरचा सुरक्षारक्षक, असे आमच्या व्यवसायात गृहीतच धरले जाते. वास्तविक सैन्यात वाहनदुरुस्ती, सिग्नल, भांडार, रुग्णसेवा असे कितीतरी ट्रेड असतात आणि ते डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या नोंदवहीत) स्पष्ट लिहिलेले असतात. आमच्याकडे ईएमईमधून (सैन्याच्या यंत्रे व वाहने दुरुस्त करणाऱ्या शाखेतून) आलेला एक तरुण जनरेटर व कॉम्प्रेसर सांभाळतो. त्याने पहिल्याच आठवड्यात प्रत्येक यंत्राला एक वही बांधली : किती तास चालले, तेल कधी बदलले, कोणता आवाज वेगळा आला. आता यंत्र बंद पडण्याआधीच त्याची तक्रार माझ्या टेबलावर येते.

एक बँक कर्मचारी, सोलापूर

मी एवढेच सांगेन की पेन्शनच्या कागदपत्रांत अडलेल्या वयस्कर वीरपत्नींना घेऊन आमच्या शाखेत येणारे बहुतेक वेळा हेच तरुण माजी सैनिक असतात. ते रांग मोडत नाहीत.

एक माजी सैनिक, मंगळवेढा तालुका

वरील सर्व वाचून मन भरून आले. मी काश्मीरमध्ये होतो तेव्हा माझ्या रानात ज्वारीची पेरणी कधी चुकली नाही, कारण शेजारचे अण्णा आपली पेरणी उरकली की कोणी न सांगता आमच्या काळ्या रानात पाभर घालायचे. सेवेबद्दल जो मान मला मिळतो त्यात त्यांचा वाटा आहे, असे मी मनापासून मानतो. जे सोबती परत आले नाहीत त्यांच्या घरीही अशीच पेरणी करून देणारे लोक होते, हे मी पाहिले आहे.

आता काळजी वाटते ती अग्निवीरांची. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे सेवेत घेतले जाणार आहे. बाकीचे सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन, पेन्शनशिवाय, बाविशी-पंचविशीत घरी येतील. ही मुले आमच्यापेक्षाही तरुण असतील आणि हाती शिस्त असली तरी मुलकी कामाचा अनुभव नसेल. वर कारखानदार बंधूंनी लिहिले तसे कोणाकडे शिकाऊ म्हणून घेण्याची सोय असेल, तर ती येथे अवश्य नोंदवावी. आमच्या गावची मुले सुट्टीवर येतील तेव्हा त्यांना घेऊन मी स्वतः आपल्याकडे येईन.