नववीची ३२ मुलं घेऊन सिंगापूर, पहिल्यांदाच. अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावं

विज्ञानवाली, ठाणे

नमस्कार. मी नौपाड्यातल्या एका शाळेत सेमी-इंग्रजीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत नववीची ३२ मुलं सिंगापूरला न्यायची ठरली आहे. सहा दिवस, पाच रात्री. बरोबर आम्ही चार शिक्षक, त्यांत दोघी बायका. शाळेची ही पहिलीच परदेश सहल आहे आणि माझा स्वतःचा पासपोर्टही जूनमध्येच हातात आला.

ट्रॅव्हल कंपनीने कार्यक्रमाचा कागद पाठवला आहे. एक दिवस युनिव्हर्सल स्टुडिओज, एक दिवस सेंटोसा, एक दिवस बसमधून शहर, दोन वेळा खरेदी आणि सायन्स सेंटरला अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसाच्या जोरावर वर ‘शैक्षणिक सहल’ असं लिहिलंय. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय ठेवायचं हेही सुचत नाही.

दुसरं म्हणजे, एका मुलाला टाईप-वन डायबिटीस आहे. त्याची आई शाळेत आली होती, ‘बाई, तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही’ म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि मोबाईल न्यायची परवानगी द्यावी का, यावर पालकांचे दोन तट पडले आहेत.

खाडीकाठचा मास्तर, वाशी

मॅडम, मी वाशीत २७ वर्षं भूगोल शिकवला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सिंगापूरला तीन तुकड्या नेल्या. पहिल्या सहलीत मुलं सुखरूप गेली, सुखरूप आली, फोटोही छान निघाले. परत आल्यावर वर्गात विचारलं, काय पाहिलंत? २६ पैकी २२ जणांनी एकाच राइडचं नाव घेतलं. दोष मुलांचा नव्हता. कंपनीचा कागद मी नीट न वाचता सही करून टाकला होता. तेव्हा कार्यक्रम तुम्ही लिहा. बस, हॉटेल आणि जेवण एवढंच कंपनीने बघावं.

दुसऱ्या वेळी मी सहल घरापासून सुरू केली. सप्टेंबरमध्ये अख्खा वर्ग ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात नेला. आपल्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली, हे मुलांना माहीतच नव्हतं. रोज ट्रान्स हार्बरच्या गाडीतून तीच खाडी बघत शाळेत येणारी मुलं! तिथे त्यांनी तिवरांची श्वासमुळं एक मीटर चौकोनात मोजली, चिखलातली बिळं मोजली, वह्यांत चित्रं काढली.

मग सिंगापूरच्या उत्तर टोकाला सुंगेई बुलोह नावाचं कांदळवन आहे, तिथे एक पूर्ण सकाळ दिली. प्रवेश फुकट आहे आणि कंपनीच्या यादीत ते कधीच नसतं. लाकडी पुलावरून चालताना आमच्यातला एक मुलगा, दिवाळे कोळीवाड्यातला, वर्गात कधी तोंड न उघडणारा, एकदम ओरडला, ‘सर, निवट्या!’ खाली चिखलात वीतभर लांबीच्या निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे मासे, बसल्या होत्या, आपल्यापेक्षा पुष्कळ मोठ्या. तिथल्या गाईडबाईंनी इंग्रजी नाव सांगायच्या आत त्याने सांगायला सुरुवात केली होती की ही पाण्याबाहेर कशी राहते, बिळाची दोन तोंडं कशी ओळखायची, त्याची आजी ती कशी पकडते. मी भाषांतर करत होतो आणि बाई लिहून घेत होत्या. त्या दिवसानंतर तो मुलगा वर्गात कधी मागच्या बाकावर बसला नाही. मॅडम, एवढ्यासाठी मी पुन्हा तिसऱ्यांदा गेलो.

दिवाळीची वेळही नेमकी आहे. उत्तरेकडून येणारे पक्षी तिथे सप्टेंबर ते मार्च असतात. लाल पायांचा रेडशँक आपल्या खाडीतही येतो आणि तिथेही, फक्त हवाई मार्ग वेगळे. आपल्याकडे मध्य आशियाई, तिकडे पूर्व आशिया–ऑस्ट्रेलियाचा. मुलांना हा नकाशा आधी काढायला लावा. डासांचं मलम घ्या. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पूल सोडून एकानेही खाली उतरायचं नाही, हे शाळेतच बजावून ठेवा.

दुसरा विषय पाण्याचा. मरीना बराज, म्हणजे खाडीच्या मुखाशी बांधलेलं धरण, २००८ मध्ये सुरू झालं, आतलं प्रदर्शनही फुकट आहे. त्या देशाला चार नळ आहेत असं ते म्हणतात : स्वतःचे जलाशय, मलेशियातल्या जोहोरकडून येणारं पाणी, शुद्ध केलेलं सांडपाणी आणि समुद्राचं गोडं केलेलं पाणी. जोहोरशी झालेला १९६२ चा करार २०६१ मध्ये संपतो, म्हणून बाकीच्या तीन नळांसाठी त्यांची एवढी धडपड. बराजला नऊ दरवाजे आहेत. जोराचा पाऊस आणि ओहोटी असेल तर दरवाजे उघडून पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दरवाजे बंद ठेवून मोठ्या पंपांनी उपसतात. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की काय होतं हे ठाण्याच्या मुलांना शिकवावं लागत नाही, घोट्याएवढ्या पाण्यातून ती शाळेतून घरी गेलेली असतात. जायच्या आधी त्यांना विचारा, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं? माझ्या मुलांनी मोरबे धरण शोधून काढलं, तुमची मुलं उल्हास नदी आणि भातशापर्यंत पोचतील.

सायन्स सेंटर ठेवा, पण पूर्ण दिवस द्या. एक संध्याकाळ एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाच्या जागी जा. मूळ स्मारक १९४५ मध्ये ब्रिटिशांनी पाडलं, आता तिथे १९९५ मध्ये बसवलेला फलक आहे. नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ला याच शहरात, कॅथे इमारतीत केली होती. आम्ही तिथे दोन मिनिटं उभे राहिलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी मुलं गप्प झाली. युनिव्हर्सलही काढू नका. मुलंच आहेत ती, एक दिवस त्यांचा असू दे. खरेदीची एक वेळ मात्र नक्की काढा.

आता काळजीचं. धोबी घाट या नावाचं एक मेट्रो स्टेशन आहे (नाव ऐकून मुलं खूश होतात). तिथे तीन मार्गिका मिळतात. दुसऱ्या सहलीत तिथे दार बंद झालं आणि आमच्या दोन मुली फलाटावर राहिल्या. माझे हातपाय गार पडले. पण त्या जागच्या हलल्या नाहीत, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, सात मिनिटांत आमच्या एक बाई परत पोचल्या. कारण हा नियम आम्ही आधी घोटून घेतला होता : चुकलात तर तिथेच थांबा, शिक्षक मागे येतील, तुम्ही पुढच्या गाडीत चढायचं नाही. तालीम कुठे केली होती माहितीये? वाशी ते ठाणे लोकलने, रविवारी, आठ-आठच्या गटात, मुद्दाम दोघांना तुर्भ्याला उतरवून. तुम्ही ठाण्याहून उलट्या दिशेने करा. मेट्रोत खाणं-पिणं चालत नाही, पाण्याचा घोटही नाही, दंड होतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली स्टेशनबाहेर प्यावी.

कागदपत्रं : प्रत्येक पासपोर्ट सहलीनंतर किमान सहा महिने चालू हवा. ज्यांचे काढायचेत त्यांना आजच वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात पाठवा. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडील दोघांची संमती लागते, आणि एखाद्या घरात ती मिळायला महिने जातात. अशा आईशी वर्गासमोर नाही, बाजूला बसून बोला. व्हिसा कंपनी करेल, पण पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आगमन-पत्र स्वतः बघा. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, पैसे मागणाऱ्या नकली साइटही आहेत.

आणि दिवाळीचा फराळ! खसखस सिंगापूरला न्यायला बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. म्हणजे अनारसे घरीच. पालकसभेत हे दोनदा सांगा, तरी एक डबा येईलच, विमानतळावर जाण्याआधी बॅगा बघा. कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि च्युइंगगमसुद्धा नको.

मोबाईल आम्ही नेऊ दिले नाहीत. प्रत्येक गटाला एक कॅमेरा दिला आणि आपल्या सात वाजता, म्हणजे तिथल्या साडेनऊला, पालकांच्या ग्रुपवर एक निरोप आणि गटाचा फोटो टाकला. निरोप दहा मिनिटं उशिरा गेला तर काय होतं ते पहिल्या दिवशी कळलं, मग कधी चुकवला नाही.

कळव्याची ताई

मी नर्स आहे आणि माझ्या मुलाला टाईप-वन आहे, म्हणून लिहिते. बाई, इन्सुलिन केबिन बॅगेतच. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. दोन संच करा, एक मुलाकडे आणि एक तुमच्याकडे. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत हवं. वेळेत अडीच तासांचा फरक पडतो, त्या दिवशीचे डोस कसे घ्यायचे ते त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिथे दिवसभर चालणं होतं आणि साखर उतरते, आमच्याकडे नेहमी रात्री उतरते. हात थरथरले, घाम आला, उगाच चिडचिड झाली तर आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ ९९५ ला फोन, तिथली ॲम्ब्युलन्स. त्याच्या खोलीतल्या मित्राला हे शिकवा, पण आधी त्या मुलाला विचारून. माझ्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलेलं फार लागलं होतं.

जायच्या आधी एक दिवस त्याच्या घरी जाऊन बसा, तो स्वतः सुई कशी घेतो ते बघा. तुमची भीती तिथेच निम्मी होईल.

घणसोलीचा बाबा

मी शिक्षक नाही. माझ्या मुलीच्या शाळेची सहल दुबईला गेली तेव्हा आम्हाला पैसे झेपले नाहीत, त्याचं तिला वाईट वाटलं नाही, समजूतदार आहे. पण वर्गात ‘कोण कोण येणार, हात वर करा’ झालं, आणि परत आल्यावर आठवडाभर फक्त त्यांचेच फोटो, त्यांचेच तक्ते. त्या आठवड्यात ती डबा तसाच परत आणायची. मॅडम, नावं पालकांकडून चिठ्ठीत घ्या. जी मुलं येणार नाहीत त्यांनाही काही काम द्या, खरं काम.

विज्ञानवाली, ठाणे

बाबा, तुमचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. माझ्या वर्गात ६१ मुलं आहेत, २९ जण येणार नाहीत. आम्ही कालच हात वर करून घेतले होते. उद्या मुख्याध्यापिकांशी बोलते.

मास्तर, असं ठरवते : ऐरोलीला सगळा वर्ग. न येणाऱ्यांचे गट इथल्या खाडीची मोजणी करतील आणि त्यांनी लिहून दिलेले प्रश्न घेऊनच बाकीचे सुंगेई बुलोहला जातील. तक्ता दोघांच्या नावाने लागेल. ताई, रविवारी त्या मुलाच्या घरी जाते आहे.

एकच विचारते. ऐरोलीला चिखल उघडा दिसायला ओहोटी हवी. सकाळची ओहोटी कोणत्या दिवशी येईल ते कसं ठरवू?

खाडीकाठचा मास्तर, वाशी

कोळ्यांचा हिशेब वापरा. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर सव्वादोन, म्हणजे ओहोटी साधारण सव्वाआठला. खाडीत आत येईतो थोडा उशीर होतो, नऊ धरा. कालनिर्णयात तृतीयेच्या आसपासचा शनिवार बघा, शुद्ध असो की वद्य. मुलांनाच गणित घाला. आणि त्या दिवशी मला कळवा, मी वाशीहून येतो.