पुण्याहून श्रीवर्धन ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने: आईला तिच्या लहानपणचं कोकण दाखवायचंय

निळी_खाडी (प्रश्न)

आई ७४ वर्षांची. तिचं लहानपण किनाऱ्यावरच्या गावात गेलं. आता पाच दिवस हाताशी आहेत, गाडी आपलीच, निघणार पुण्याहून. महामार्गाने थेट रत्नागिरी गाठायची नाही, खाड्या ओलांडत जायचंय. तिला पाहायची आहे पोफळीची वाडी, जांभ्याची पाखाडी, सारवलेलं खळं, रहाट आणि तरीवरून (फेरीबोटीवरून) गाडी पलीकडे जाताना. शिवाय हरिहरेश्वरची समुद्राकाठच्या खडकावरून जाणारी प्रदक्षिणा आणि हेदवीची बामणघळ (लाट उसळते ती खडकातली भेग) ही दोन्ही नावं ती सारखी काढते. ऐकलंय की एकीला ओहोटी लागते आणि दुसरीला भरती. हे एकाच फेरीत कसं बसवायचं? तिचे गुडघे दुखतात, हेही धरून सांगा. महिना अजून ठरलेला नाही.

सडा_ते_समुद्र

पाच दिवस पुरतात, पण ताशी २५-३० किलोमीटरच धरून चला. सड्यावरून (माथ्यावरच्या कातळी पठारावरून) उतार, खाली खाडी किंवा वाडी, पुन्हा चढ, असाच हा रस्ता आहे.

पहिला दिवस: पहाटे साडेपाचला निघा. ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगर. तिथून आतल्या रस्त्याने न जाता आरावी-शेखाडीच्या किनाऱ्याच्या रस्त्याने श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर. दुसरा दिवस: बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, पुढे केळशी, आडे, आंजर्ले, मुक्काम हर्णै. तिसरा: दापोली, दाभोळ, फेरीबोटीने धोपावे, मुक्काम गुहागर. चौथा: वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. पाचव्या दिवशी आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे परत.

दाभोळची बोट टाळायची म्हटली तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा शंभर किलोमीटरच्या पुढचा वळसा पडतो. बोटीतून पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तवसाळ-जयगडच्या फेऱ्या कमी, म्हणून हेदवीत रेंगाळण्याआधी पुढची फेरी कधीची आहे ते विचारून ठेवा. पावसाळ्यात वारा वाढला की बोटी बंद होतात, त्या चार महिन्यांत ही आखणी करू नका.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली आणि गुहागरला भरून घ्या. रोख पैसे जवळ हवेतच, जेटीवर रेंज जाते.

तिथीवाला

भरती-ओहोटीचं कोडं तारखेने सुटणार नाही, तिथीने सुटेल. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्या पंधरा. अर्ध्या तासाची चूक धरून चालायची.

आता वरच्या आखणीवर हे बसवा. पहिला दिवस त्रयोदशीला येऊ द्या. भरती पावणेदहाला, म्हणून ओहोटी चारच्या सुमारास. दिवेआगर-शेखाडी पाहून साडेतीनला हरिहरेश्वरात पोचलात की प्रदक्षिणेची वाट उघडी सापडते. पौर्णिमा जवळ असल्याने उधाणाचे दिवस असतात, पाणी ओहोटीला खूप मागे जातं आणि भरतीला खूप वर चढतं. चौथा दिवस प्रतिपदा. पौर्णिमा आणि प्रतिपदेच्या सांध्यावर हा हिशेब थोडा हलतो, म्हणून बामणघळीपाशी बारा ते एक असा तासभर थांबा. लाट अरुंद भेगेत शिरते, मागे वाट नसल्याने पाणी उभं उसळतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत, गेलात तर भरती असूनही उसळी फिकी पडते. बरेच लोक निराश होऊन परततात, त्याचं कारण बहुधा हेच.

दोन्ही ठिकाणी खडक शेवाळलेला असतो. घळीच्या तोंडाशी जायचं नाही, ओला दिसतो तेवढा खडक लाटेचा समजायचा. प्रदक्षिणेत पाणी परतायला लागल्यावर खाली उतरू नये. निघण्याआधी भरतीच्या छापील वेळा किंवा एखाद्या खारव्याचा (मच्छीमाराचा) शब्द घ्याच.

पोफळ

आईंना काय सापडेल आणि काय नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

रहाट शोधत दिवस घालवू नका, विहिरींवर पंप बसून जमाना झाला. पोफळीची गच्च सावलीही श्रीवर्धन-दिवेआगरात त्यांना आठवते तशी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने तिथल्या वाड्या आडव्या केल्या, केळशी-आंजर्ल्यालाही मोठा फटका बसला. पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे लावणी झाली असली तरी मधे मधे ऊन उतरतं. जुनी सावली हवी तर गुहागर. वरचा पाट आणि खालचा पाट असा लांबच लांब रस्ता, दारापुढे रस्ता आणि घरामागे वाडी, ती थेट समुद्रापर्यंत. सकाळी आठच्या आत गाडी व्याडेश्वराच्या देवळापाशी लावून सपाटीने चाला, गुडघ्यांना त्रास नाही. कुणाच्या वाडीत शिरण्याआधी हाक मारा, घरचं माणूस आनंदाने आत घेतं.

पाखाड्या केळशीत बघा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती), मधे पायऱ्या. चिऱ्याला सुरुवातीला गेरूचा रंग असतो, पावसाने काळवंडतो आणि फटीत नेचे उगवतात. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर (जन्म १८६६) कौलारू रूपात जपलंय. ओटी, पडवी, माजघर हे शब्द नातवंडांना तिथे उभं राहून समजावता येतील.

महिना मी मे सुचवीन, पहिला पंधरवडा. उकाडा आहे, पण खळ्यात आमसुलं वाळत असतात. रातांबा (कोकमाचं फळ) चिरून बी-गर वेगळा काढतात, त्या रसात मीठ घालून सालं भिजवतात, उन्हात टाकतात, पुन्हा भिजवतात. अशी पुटं पाच-सहा वेळा दिली की साल काळसर जांभळं आणि मऊ होतं. विकत घेताना बोटाने दाबून बघा. वरून पांढरं, कडक असेल तर मीठ जास्त आणि पुटं कमी. करवंदं, जांभळं, गरे हेही त्याच दिवसांत. ऊन सोसणार नसेल तर डिसेंबर-जानेवारी, मग मात्र खळी मोकळी असतात.

जेवण घरगुती खानावळीत आदल्या रात्री फोन करून सांगा, माणसं मोजून स्वयंपाक करतात. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, सोलकढी एवढं मागा.

निळी_खाडी

सगळ्यांचे आभार. तिथीचा हिशेब वहीत उतरवून घेतला. दोनच शंका. बोटीत आईला गाडीतून उतरावं लागेल का? आणि प्रदक्षिणेला पायऱ्या किती अवघड?

सडा_ते_समुद्र

गाडीत बसून राहायला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण गाड्या इतक्या खेटून लावतात की नंतर दार उघडत नाही. आईंना वाऱ्यात उभं राहायचं असेल तर गाडी चढण्याआधीच जेटीवर उतरवा आणि हात धरून चालत आत न्या. तुम्ही हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरवर गाडी बंद करा.

त्रयोदशीपासून निघण्याचा आणखी एक फायदा आहे. चतुर्दशीला बागमांडल्याची भरती साडेदहाला, पौर्णिमेला दाभोळची सव्वाअकराला. त्या सुमारास जेटीवर पोचलात तर बोट उताराच्या वरच्या, कोरड्या भागाला लागते. पूर्ण ओहोटीत ती खाली शेवाळावर लागते, उतार लांबतो आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर फळीला घासतो. पाच माणसं आणि सामान भरलेलं असेल तर तो नक्की घासतो.

घाटी उतरताना ज्या गिअरमध्ये ती चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. फोनवरचा नकाशा जवळची वाट म्हणून पाणंदीत घालतो, जिथून फक्त मागेच येता येतं. दोन गडग्यांमध्ये एकच गाडी मावेल असं दिसलं की थांबून विचारा. आणि गाडी वाळूवर उतरवू नका, ओली वाळू कडक वाटते पण चाक फिरलं की खाली जातं.

तिथीवाला

हरिहरेश्वरच्या पायऱ्या कातळातल्या चिंचोळ्या फटीतून समुद्राकडे उतरतात. उतरणं जमेल, पण पुढे खडकावरून चालत परत फिरायचं असतं, तेच दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाही. आईंना उतरण जिथे सुरू होते तिथवर न्या. तिथे सावलीची जागा बघून बसवा, खालचा समुद्र दिसतो. खाली तुम्ही जा. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळापर्यंत त्या येतील, पुढचा खडकाळ तुकडा काठी आणि माणूस सोबत असेल तरच.

आसूदच्या केशवराजाचं देऊळ कुणी सुचवलं तर या खेपेला नको, पायऱ्या खूप आहेत.