माळावर दरवर्षी वणवा, झाडे गुडघ्याच्या वर जात नाहीत : मदत हवी आहे

गवळाऊ_आर्वी
नमस्कार. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आहे. गावाला लागून असलेल्या माळावर दरवर्षी आग लागते. पळस, तेंदू आणि ऐन यांचे फुटवे भरपूर आहेत, पण एकही गुडघ्याच्या वर जात नाही. पूर्वी तेथे पवन्या आणि मारवेल हे चाऱ्याचे गवत होते. आता कुसळ आणि तिखाडी माजली आहे. आगीमुळेच कोवळे गवत फुटते, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात, तर आग कायमची बंद करावी, असे तरुण म्हणतात. ग्रामसभा तोंडावर आली आहे. आग थांबवली तर झाडे वाढतील का आणि गवत टिकेल का, एवढेच स्पष्ट सांगावे. ‘झाडे लावा’ हे उत्तर नको आहे.

जाळरेषा
आग कोणत्या महिन्यात लागते? माळ सगळा जळतो की तुकड्यांत? जमीन गायरान आहे, झुडपी जंगल आहे की राखीव वन? जनावरे किती चरतात? या गोष्टी कळल्याशिवाय कोणीही जबाबदारीने उत्तर देऊ शकणार नाही.

मोहफूल
आमच्या गडचिरोलीकडे बहुतेक आगी मोहफुलांच्या हंगामात झाडाखालचा पाला जाळण्यातून पसरतात. झाडाखाली जाळी अंथरावी किंवा पाला झाडून घ्यावा; फुलेही स्वच्छ मिळतात. तेंदूला नवा फुटवा यावा म्हणून जंगल पेटवण्याची सवयही सोडली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर तेंदूपाने तोडणेच थांबवले.

गवळाऊ_आर्वी
आमच्या माळावर मोहाची झाडे नाहीत आणि तेंदूपानाचे फडही लागत नाहीत. मी मोहफुलांविषयी विचारलेले नाही. आग मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये लागते आणि जवळजवळ सगळा माळ जळतो. आता तरी मूळ प्रश्नाचे उत्तर द्यावे.

कुसळ
मूळ प्रश्नाकडे येतो. पळस आणि तेंदू आगीत मरत नाहीत. वरचा भाग जळतो, पण जमिनीखालच्या खोडात आणि मुळांत साठा असतो, त्यातून पावसाळ्यात पुन्हा फुटवे येतात. तेंदू तर मुळांवरूनही पसरतो. फुटव्याचा शेंडा ज्वाळेच्या उंचीच्या वर जाण्याआधीच पुढची आग येते, म्हणून तुमच्या माळावर दिसणारी गुडघाभर झाडे वयाने बरीच जुनी असू शकतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून काही तुकडे दरवर्षी, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी जाळले गेले आणि काही जाळलेच नाहीत. चार दशकांनंतर असे दिसले की झाडांच्या संख्येत फारसा फरक पडलेला नव्हता, पण त्यांच्या आकारात मोठा फरक होता. म्हणून आग सलग काही वर्षे थांबली, तर तुमचे फुटवे नव्या रोपांपेक्षा लवकर उंच होतील, कारण त्यांची मुळे आधीच खोल गेलेली आहेत.

सातपुडा_पायथा
आफ्रिकेची उदाहरणे येथे कशाला? तिकडचा पाऊस वेगळा, जनावरे वेगळी. शिवाय राखेने जमीन सुपीक होते, हे आमच्या भागातील प्रत्येक शेतकरी जाणतो.

कुसळ
पाऊस वेगळा आहे, हे मान्य. पण त्यातूनच तुमच्या आक्षेपाचे उत्तर मिळते. आफ्रिकेत वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तेथे पाणीच झाडांना आवरते. त्याहून अधिक पावसात आग आणि चराई नसेल, तर झाडे एकमेकांना भिडतात. वर्ध्याचा पाऊस या रेषेच्या बराच वर आहे, म्हणून येथे आगीचा शब्द अधिक चालतो, असे मला वाटते. राखेबद्दल म्हणाल, तर पालापाचोळ्यातील नत्राचा मोठा भाग जळताना हवेत निघून जातो. पालाश आणि चुना राखेत उरतो खरा, पण उतारावरची राख एप्रिलच्या वाऱ्याने आणि पहिल्या पावसाने वाहून जाते.

सातपुडा_पायथा
मग जळालेल्या जागी गवत आधी हिरवे का होते?

कुसळ
जुने वाळलेले गवत निघून गेल्याने बुंध्याला थेट ऊन मिळते, म्हणून. गवताचे वाढीचे कोंब मातीलगत असतात आणि आगीची धग मातीत फार खोल जात नाही. खरा घात त्यानंतर होतो. त्या कोवळ्या फुटव्यावर जनावरे तुटून पडतात, पवन्या आणि मारवेल यांच्या मुळांतील साठा संपतो आणि ती मागे पडतात. तिखाडीला तेलाचा उग्र वास असल्याने जनावर तिला तोंड लावत नाही. कुसळीचे बी ओलाव्याने पीळ उलगडत मातीत शिरते, त्यामुळे ते जळण्यापासून वाचते. वडीलधाऱ्यांना दिसलेली हिरवळ खरी आहे आणि तरुणांना दिसलेला ऱ्हासही खरा आहे.

सातबारा
२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच असल्याचे म्हटले आहे. तुमचा माळ त्यात मोडत असेल, तर घरकुलांसाठी झालेल्या जुन्या वाटपांचे काय होणार, हे आधी तपासावे.

जाळरेषा
घरकुलांचा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही. मूळ लेखकाने चराईचे अद्याप सांगितलेले नाही.

गवळाऊ_आर्वी
पूर्वी गवळाऊ गायींचे मोठे कळप माळावर जात. आता गावात ट्रॅक्टर आले, कळप घटले, आणि गवत उभेच वाळते. पुढे आगीनंतर मात्र शेजारच्या गावांची जनावरेही येतात.

जाळरेषा
ही गोष्ट पहिल्याच संदेशात हवी होती. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९६० च्या दशकात गुरांचा बुळकांडी रोग हटल्यावर, तो ज्यांनाही होत असे ते विल्डेबीस्ट (कळपाने चरणारे रानटी प्राणी) वाढले, त्यांनी गवत खाल्ले, आगी कमी झाल्या आणि झाडे वाढू लागली. तुमच्याकडे उलटे घडत आहे : चरणारे कमी झाले, एप्रिलपर्यंत जळण साठले आणि आग अधिक तीव्र झाली. म्हणून केवळ आगबंदीचा ठराव करून भागणार नाही. बी गळून पडल्यावर, दिवाळीनंतर गवत कापून गंजी लावाव्यात. मार्चच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, साफ करून माळाचे तुकडे पाडावेत. आणि एखादा तुकडा जळालाच, तर पाऊस पडून गवत वाढेपर्यंत तेथे चराईबंदी पाळावी.

कुसळ
यात एक भर घालतो. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरांतील सोलिग लोक सांगतात की लहान, कमी धगीच्या आगी बंद झाल्यावर तेथे घाणेरीची झुडपे पसरली. गवताळ माळ वर्षानुवर्षे न कापता, न चारता तसाच सोडला, तर झाडे दाट होतील आणि गवत सावलीत मरेल. त्यामुळे किती झाडे हवीत आणि किती गवत हवे, हे गावाने आधी ठरवावे. माझ्या मते गुरांच्या गावाला विरळ झाडांचा माळच हवा.

सातपुडा_पायथा
दिवाळीनंतर कापणीला मजूर कोठून आणणार? तेव्हा कापूस वेचणी सुरू असते.

गवळाऊ_आर्वी
हा आक्षेप ग्रामसभेतही नक्कीच येईल. कापलेले गवत कापणाऱ्यालाच द्यावे, असे आम्ही मांडू. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलाच्या वापराचा आणि व्यवस्थापनाचा कायदेशीर हक्क, मिळालेला आहे, त्यामुळे चराईचे नियम ग्रामसभाच ठरवू शकते. आता फक्त एवढेच सांगावे की जाळरेषा किती रुंद ठेवावी आणि उताराच्या बाजूने ती कशी काढावी.

जाळरेषा
सामूहिक वनहक्क मिळालेला आहे! मग आधी माळाचा उतार कोणत्या दिशेला आहे आणि मार्चमध्ये वारा कोणीकडून वाहतो, ते लिहावे. त्यावरूनच रुंदी सांगता येईल.