गॅस गिझर पेटून लगेच विझतो, मदत हवी आहे (ग्वाल्हेर, लष्कर)

मंडळी, ऐन थंडीत आमच्या जुन्या गॅस गिझरने दगा दिलाय. घरात सासूबाई ८० च्या पुढच्या, त्यांना गरम पाण्याशिवाय चालत नाही.

नळ सोडला की टिकटिक सुरू होते, काचेतून ठिणगी दिसते, बर्नर भपकन पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. कधी नुसतीच टिकटिक. दोन्ही मोठे सेल नवे घातले. सिलिंडर भरलेला आहे. पाणी आत येते तिथली जाळी काढली तर पांढऱ्या क्षाराने निम्मी बुजलेली होती, ती घासून बसवली. फरक नाही.

टिकटिक होते म्हणजे पाण्याच्या दाबाने आतला स्विच दाबला जातोय, असं मला वाटतं. मग संशय उरतो तो ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरच्या काडीवर. तिला ज्योत जाणवली नाही तर वॉल्व्ह गॅस तोडतो. काडीवर काजळी दिसते. ती बारीक पॉलिश पेपरने पुसली तर चालेल का? की तो गॅस सोडणारा-तोडणारा विजेवरचा वॉल्व्हच (सोलेनॉइड) गेलाय?

मेकॅनिकने न उघडताच "नवीन घ्या" सांगितलं, ते पटलं नाही.

एक काळजी मात्र आहे. ज्योत निळी असायची, हल्ली पिवळट दिसते. गिझर बाहेर उघड्या पॅसेजमध्ये आहे, तरी कार्बन मोनॉक्साइडच्या (गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या विषारी वायूच्या) भीतीने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवलाय. सध्या चुलीवर पातेलं.

लष्कर किंवा मुरार भागात जुने गिझर खरोखर उघडून दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा.